लसीची चौकशी आणि गोवराची चौकशी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मला चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. संयोजकांनी सुचविलेला विषय ‘बालसंस्कार’ असा होता. तथापि गेल्या काही वर्षांत मंदिराच्या सभामंडपात, पाठशाळेच्या ओट्यावर आणि माझ्या दुकानातसुद्धा तरुण मातापित्यांच्या तोंडी एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो. “काका, बाळाला जी लस टोचतात तिच्यात नक्की काय असते? आपल्याला ती चालते का?” हा प्रश्न संस्काराचाच आहे असे मला वाटले आणि आज त्यावरच बोलावयाचे मी ठरविले.

प्रारंभीच माझा अधिकार स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही आणि शास्त्रपारंगत पंडितही नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. परंतु कापडाच्या धंद्याने मला एक सवय लावली आहे. तागा पूर्ण उलगडून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय मी त्याची किंमत सांगत नाही. या विषयात मात्र एकदा ती सवय मी मोडली. त्याची कबुली आज आपणासमोर देणार आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना ही लस द्यावयाची होती आणि ती शाळाशाळांतून दिली जात होती. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या शाळेतूनही चिठ्ठी आली. त्याच दिवसांत कोणीतरी मला सांगितले की या लसीत जिलेटिन असते आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. मी चिठ्ठी बाजूला ठेवली. सूनबाई शिकलेली आहे. तिचा कल लस देण्याकडे होता. पण घरातील कर्ता म्हणून माझा शब्द चालला. नातीला त्या दिवशी लस मिळाली नाही.

माझ्या मातोश्री त्या वेळी हयात होत्या. वय नव्वदीच्या घरात, अक्षरओळख बेताचीच. रात्री जप आटोपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, “त्या सुईची चौकशी केलीस म्हणे तू. गोवराची केलीस का?”

मी निरुत्तर झालो. कारण माझ्या पाठची बहीण दोन वर्षांची असताना गोवरानेच गेली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. अंगावर पुरळ उठले, घरात कडुलिंबाचा पाला टांगला गेला, तळण-फोडणी बंद झाली. पुरळ मावळू लागले तसे घरच्यांना हायसे वाटले. मग तिला धाप लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. गोवरामागून फुप्फुसांचा दाह होतो आणि लहान मूल बहुधा त्यानेच दगावते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. साठच्या दशकात आपल्या भागात गोवराची लस कोणाला ठाऊकही नव्हती. देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती आली १९८५ साली. माझ्या आईपुढे निवड करण्याचा प्रश्नच नव्हता; माझ्यापुढे होता आणि मी निवड केली होती ती केवळ ऐकीव माहितीवर.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात की प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात, एक जमा आणि एक नावे. एकच बाजू लिहिलेली वही कधी जुळत नाही. लसीच्या बाबतीत मी नेमके तेच केले होते. लसीचा दोष लिहिला होता, रोगाच्या पानावर एक अक्षर नव्हते. त्यानंतर मी दोन्ही पाने लिहावयास घेतली. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना भेटलो, लसीच्या खोक्यातील बारीक अक्षरांचे पत्रक मुलाकडून वाचून घेतले आणि पुढील काही वर्षे जे हाती येईल ते वाचीत गेलो. त्यातून जे समजले ते आपणासमोर ठेवतो.

प्रथम, प्रश्न विचारणे चूक आहे का? मुळीच नाही. लोकांच्या श्रद्धेचा विचार लसी बनविणाऱ्यांनीही पूर्वीपासून केलेला आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या व्यापारी वस्तीत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा काढा लागत असे. गाय किंवा डुक्कर यांचे मांस येथील लोकांना खपणार नाही म्हणून त्यांनी बकऱ्याचे वापरले. काढ्याच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत आणि त्या थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. आपल्याला बकऱ्याचे मांसही मान्य होणारे नाही, हे खरेच. परंतु ‘हिच्यात काय आहे?’ हा प्रश्न निदान हाफकिन यांच्या लसीइतका तरी जुना आहे, एवढे यावरून दिसते. ती प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

विचारण्याचा पालकांचा हक्क न्यायालयानेही मानला आहे. जानेवारी २०१९ मध्ये याच गोवर-रुबेला मोहिमेसंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देऊ नये आणि लसीचे संभाव्य दुष्परिणामही पालकांना कळवावेत. म्हणून ज्या मातेला शंका येते तिला अडाणी किंवा हट्टी म्हणून गप्प करू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. शंका घेणे हा दोष नव्हे. शंका घेऊन तिथेच थांबणे हा दोष आहे.

आता एकेका घटकाकडे वळतो.

पहिला घटक जिलेटिन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जी गोवर-रुबेला लस आपल्या मुलांना दिली जाते, तिच्यात जिलेटिन आहे, ही गोष्ट खरी आहे. त्या पत्रकात तसे छापलेलेच असते. ही लस सजीव पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ती वाळवून भुकटीच्या रूपात ठेवतात, आणि वाळविताना व उष्णतेत विषाणू नष्ट होऊ नयेत म्हणून जिलेटिन घालतात. याच पुण्याच्या लसीवरून २०१८ साली इंडोनेशियात मोठा वाद झाला. तेथील उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये निर्णय दिला की तिच्या निर्मितीत डुकरापासूनचा पदार्थ वापरला जातो, म्हणून ती धर्माने निषिद्ध. परंतु दुसरा पर्याय नसल्याने आणि मुलांच्या जिवाला धोका असल्याने ती घेण्यास परवानगी आहे. आपला धर्म वेगळा, आपली कारणे वेगळी. तरी एका श्रद्धाळू समाजाने सत्य न लपविता, वस्तुस्थिती जशी आहे तशी मान्य करून मुलाच्या जिवाच्या बाजूने कौल दिला, हे मला विचार करण्यासारखे वाटते.

याच लसीतील विषाणू मानवी पेशींवर वाढवितात, यावरूनही कोणी विचारतात. १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या गर्भाच्या पेशी घेतल्या गेल्या आणि त्याच पेशी प्रयोगशाळेत आजवर वाढविल्या जात आहेत. त्यासाठी आज नव्याने कोणताही गर्भ घेतला जात नाही, आणि त्या काळचा गर्भपातही लसीसाठी केलेला नव्हता. भ्रूणहत्या हे आपल्याकडे घोर पाप मानतात, म्हणून ही माहिती मी दडवून ठेवणे योग्य समजत नाही. कॅथलिक धर्मपीठालाही हा प्रश्न पडला होता. अशाच पेशींच्या साहाय्याने बनलेल्या कोविड लसी, दुसरा पर्याय नसेल तर, घेण्यास हरकत नाही असे डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केले.

दुसरा प्रश्न वासराच्या रक्ताचा. जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन या लसीत नवजात वासराचे रक्तद्रव असल्याची बातमी घरोघर पसरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या वेळी खुलासा केला की ते रक्तद्रव केवळ पेशी वाढविण्यासाठी वापरतात, त्या पेशी नंतर अनेकदा धुतल्या जातात आणि तयार लसीत ते उरत नाही. खुलासा खरा होता. पण प्रक्रियेत त्याचा वापर होतो हेही त्यात मान्यच केलेले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

तिसरा घटक पारा. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पंचगुणी लस देतात, तिच्या अनेक मात्रांच्या कुपीत थायोमर्सल नावाचे परिरक्षक असते. त्याच्या वजनात निम्मा पारा असतो. एका मात्रेतील थायोमर्सल साधारण २५ मायक्रोग्रॅम. सराफाच्या भाषेत सांगायचे तर एका तोळ्याचे साडेचार लाखांहून अधिक भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. शिवाय दूषित मासळीतून शरीरात साचणारा पारा मिथाइल प्रकारचा आणि हा इथाइल प्रकारचा. हा पुष्कळ लवकर शरीराबाहेर पडतो. अमेरिकेने १९९९ पासून निव्वळ खबरदारी म्हणून बालकांच्या नेहमीच्या लसींतून थायोमर्सल काढण्यास आरंभ केला आणि २००१ पर्यंत ते जवळजवळ संपविले. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यामुळे होत असता तर तेथील प्रमाण घटावयास हवे होते. ते घटले नाही.

मग हे परिरक्षक हवेच कशाला? याचे उत्तर पंजाबातील मुल्कोवाल या गावाने दिले आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे हाफकिन यांची प्लेगची लस टोचली गेली. त्यापैकी एका कुपीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व दगावले. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले. त्या कुपीत पूर्वीप्रमाणे कार्बोलिक ॲसिड घातलेले नव्हते, हाही वादाचा मुद्दा ठरला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०७ साली त्यांच्यावरील ठपका पुसला गेला. १९२८ साली ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग गावी परिरक्षक नसलेल्या, दूषित झालेल्या घटसर्पाच्या लसीने १२ बालके गेली. एका कुपीत दहादा सुई जाते, तेव्हा आत शिरणाऱ्या जंतूला अटकाव करण्यासाठी तो २५ मायक्रोग्रॅमचा पहारेकरी असतो.

चौथा घटक ॲल्युमिनियमचे क्षार. शरीराने लसीची दखल नीट घ्यावी म्हणून १९२६ पासून ते वापरात आले. ‘अन्नातूनही ॲल्युमिनियम जातेच की’ असे उत्तर काही जण देतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण पोटात गेलेले बहुतेक बाहेर पडते आणि सुईने गेलेले शरीरात शोषले जाते. म्हणून प्रत्यक्ष मुलांची पाहणी काय सांगते ते पाहावे. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दमा, ॲलर्जी, स्वमग्नता आदी ५० विकारांचा त्यात विचार होता. लसीतील ॲल्युमिनियममुळे त्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

गोवराच्या लसीने स्वमग्नता येते ही समजूतही अशीच. १९९८ साली इंग्लंडमधील एका डॉक्टरने केवळ १२ मुलांवरून तसा लेख लिहिला. तो लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्या डॉक्टरची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत असा कोणताही संबंध दिसला नाही.

याचा अर्थ लसीने काहीच होत नाही असा मी सांगतो आहे का? नाही. गिऱ्हाईक मला विचारते, “शेटजी, रंग पक्का आहे ना?” जो दुकानदार प्रत्येक कापडाला ‘अजिबात जाणार नाही’ असे सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. मी सांगतो, पहिल्या धुण्यात थोडा रंग उतरेल, वेगळे धुवा, पुढे काळजी नाही. लसीनंतर ताप येतो, टोचलेली जागा लाल होते, बाळ दोन दिवस किरकिरे होते. सुमारे दहा लाख मात्रांमागे एखाद्या मुलाला गंभीर ॲलर्जी होते. म्हणूनच लसीनंतर अर्धा तास केंद्रावर थांबावयाचे असते. माणसांच्या हातून चुकाही होतात. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सर्व मुले बरी झाली. हे सर्व लसीच्या नावे बाजूला लिहिलेच पाहिजे.

पण आता दुसरे पान उघडू या. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्यांमध्ये, बारा ते अठरा जणांना गोवर देतो. न्यूमोनिया, अंधत्व, बहिरेपणा, मेंदूचा दाह हे त्याचे परिणाम आहेत. रुबेला तर दिसायला अगदी सौम्य. पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत तो झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचे व्यंग घेऊन जन्मते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराचा उद्रेक झाला, मालेगाव, भिवंडीपर्यंत तो पोहोचला आणि त्यात लहान मुले दगावली. त्यांतील बहुतेक मुलांना लस मिळालेली नव्हती. गोवर इतिहासजमा झालेला नाही, तो दाराबाहेर उभा आहे. दोन्ही पानांची बेरीज केली तेव्हा माझ्या वहीत शंकेला जागा उरली नाही. त्याच मोहिमेच्या पुढील फेरीत मी स्वतः नातीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. आईला तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नातीला जवळ घेऊन बसल्या.

आता जो प्रश्न आपल्या सर्वांच्या मनात आहे त्याकडे येतो. सुरक्षिततेची खात्री पटली, तरी अहिंसेचे काय?

येथे मला प्रथम माझ्याच दुकानाकडे पाहावे लागले. चाळीस वर्षे मी रेशमी साड्या विकल्या. एका साडीसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात टाकावे लागतात आणि त्या प्रत्येकात जीव असतो. पूजेला मी सुती वस्त्र नेसतो आणि दुकानात शालू उलगडतो. घरातील औषधांच्या डब्यात ज्या कॅप्सूल आहेत, त्यांचे वेष्टनही बहुधा जिलेटिनचेच असते. त्या गिळताना मी कधी पत्रक वाचले नव्हते. ज्या अहिंसेचा हिशेब मी माझ्या गल्ल्याला विचारला नाही, तो सहा वर्षांच्या मुलीच्या दंडाला विचारला. हे आठवले की आजही मान खाली जाते.

आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. त्यातील संकल्पी, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा, श्रावकाने पूर्णतः टाळावयाची. उरलेल्या तिन्ही गृहस्थाश्रमात सर्वस्वी टळत नाहीत. त्या शक्य तितक्या कमी करावयाच्या. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतही प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, प्रमुख स्थान आहे. बाळाला टोचून घेणाऱ्या मातेच्या मनात कोणाला मारण्याचा संकल्प नसतो. उलट रोग ठाऊक असताना, उपाय दाराशी आला असताना, केवळ ऐकीव गोष्टीवरून मुलाला उघडे ठेवणे हा प्रमाद नव्हे काय? ते मूलही पंचेंद्रिय जीवच आहे, आणि त्याच्यापासून गोवर लागणारे शेजारचे तान्हे बाळही. अंतिम निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुजनांना अवश्य विचारावे. पण विचारताना दोन्ही पाने त्यांच्यापुढे ठेवावीत.

आणखी एक गोष्ट. साठीच्या पुढील मंडळींनी घरी गेल्यावर आपला दंड पाहावा. तेथे देवीच्या लसीचा व्रण असेल. ती लस वासरांच्या कातडीवर चरे पाडून, तेथे उठणाऱ्या फोडांतील लस काढून बनवीत. आज सभांसाठी प्रसिद्ध असलेले बेळगावचे ‘व्हॅक्सिन डेपो’ मैदान हे अशाच कामाच्या जागेचे नाव आहे. ती खूण आपण सर्वांनी अंगावर वागविली, आपल्या आजी-आजोबांनी ती आपल्याला घेऊ दिली. पुढे काय झाले? १९७५ साली भारतातून देवी गेली, १९८० साली जगातून गेल्याची घोषणा झाली आणि लसही बंद पडली. त्यामागोमाग वासरांचा छळही थांबला. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. डिसेंबर २००४ पासून भारतात ती पूर्णपणे बंद झाली आणि पेशींवर वाढविलेली लस आली. यावरून मला एक गोष्ट उमजली. रोग संपला की लस संपते आणि लसीसाठीची हिंसाही संपते. जो समाज लस अर्धवट घेतो, तो रोगही टिकवून धरतो आणि लसीची गरजही टिकवून धरतो.

तोपर्यंत अधिक अहिंसक लस मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ती मागणी अशक्य कोटीतील नाही. ब्रिटनमध्ये गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या दोन लसी वापरात राहिल्या आहेत. त्यातील प्रायोरिक्स या लसीत जिलेटिन नाही. ज्यांना डुकराचे जिलेटिन नको असेल त्यांना तेथे ती मागता येत असे. म्हणजे जिलेटिनशिवाय अशी लस बनू शकते. पुण्याच्या कारखान्याला आणि सरकारला आपण सकल जैन समाजाच्या वतीने विनंतीपत्र पाठवू शकतो. मात्र ते पत्र पोस्टात टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मुलाचे लसीकरण पूर्ण झालेले असावे. मागणी करीत राहावे. उत्तराची वाट पाहत मुलाला उघड्यावर ठेवू नये.

विश्वस्त मंडळासमोर तीन सूचना ठेवून मी माझे भाषण संपवितो. पहिली, ट्रस्टच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञांना बोलवावे आणि पालकांचे प्रश्न, कितीही साधे असोत, न हसता ऐकून घेतले जावेत. दुसरी, पाठशाळेत नाव घालताना मुलाचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत झाली आहे का, एवढे विचारावे. राहून गेली असेल तर कार्ड घेऊन केंद्रावर जावे. उशीर झाला म्हणून संकोच नको. मीही उशिराच गेलो होतो. तिसरी, लसीच्या खोक्यातील पत्रकाचे मराठी भाषांतर जाणकारांकडून करून घेऊन, काहीही न वगळता, दवाखान्याच्या भिंतीवर लावावे. ज्या मुलाला पूर्वी लसीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा जिलेटिन अथवा निओमायसिन सोसत नसेल, त्याच्या पालकांनी ते टोचण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट उभारला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे मूल गोवराने, घटसर्पाने किंवा देवीने गेलेले होते. त्या मुलांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. माझ्या बहिणीचेही नाही. आजच्या माता-पित्यांना असे एखादे नाव आठवावे लागत नाही, हे आपले भाग्य आहे. ते तसेच राहावे यासाठी प्रश्न जरूर विचारा, आणि ज्या बाळासाठी विचारता त्याला वेळेवर घेऊन जा.

 बोलण्यात काही न्यून-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.